‘शाळाबाह्य’ या शिक्क्याबद्दल शिक्षण अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. शिक्षण अधिकारी
आणि मुलांच्या पटनोंदणीचे नियम ठरवणारे सर्व संबंधित यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. दोनच परिच्छेद आहेत. पहिल्यात माझ्या थोरल्या मुलाची आणि मधल्या मुलीची नोंद ‘शाळाबाह्य’ अशी केल्याचं कळवलं आहे, दुसऱ्यात त्यांना शाळेत दाखल करण्यासाठी मुदत दिली आहे. नोटिशीला रीतसर उत्तर मी पाठवलं आहे, ते फाइलला लागेल. हे पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. हा शिक्का एकट्या आमच्या घरावर बसलेला नाही. देवाला घराच्या मध्यभागी ठेवून, पूर्ण विचारांती लहान मुलांना घरी शिकवणाऱ्या कुटुंबांना हा शब्द ठिकठिकाणी ऐकावा लागतो. बहुतेक जण गप्प बसतात. मीही दोन वर्षं गप्प होते.

आमचा धर्म कोणता हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणाऱ्यांतले काही लगेच आमच्या बाजूचे होतील, काही विरुद्ध जातील, आणि मुलांच्या शिक्षणाचं बोलणं राहूनच जाईल. एवढं सांगितलं तरी पुरे की आमच्या घरी दिवस प्रार्थनेने सुरू होतो आणि प्रार्थनेने संपतो. मधल्या वेळात जे शिकणं चालतं, ते या दोन टोकांना बांधलेलं असतं.

मला तीन मुलं. थोरला ८ वर्षांचा, मधली ६ वर्षांची, धाकटा ३ वर्षांचा. आपल्या कार्यालयातून एक बाई घरी भेटीला आल्या, तेव्हा मी टेबलावर वह्या काढून ठेवल्या होत्या. थोरल्याच्या गणिताच्या दोन वह्या, त्याची चंद्राच्या नोंदींची वही, मधलीचं अक्षरलेखन, वाचून झालेल्या पुस्तकांची यादी, महिन्यामहिन्याचं टिपण. बाई बोलायला सौजन्यशील होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी मधलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, “प्रार्थना नाही केली तर काय होतं गं?”

तिला प्रश्नाचा रोख कळला नाही. ती म्हणाली, “मग नंतर करायची.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, “देव रागावतो का? भीती वाटते का देवाची?” मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आपलं काही चुकलं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर थोरल्याला तुझे मित्र किती, टीव्ही बघतोस का, शाळेत जावंसं वाटतं का, असे चार प्रश्न झाले. बाई वीसेक मिनिटांत निघाल्या. टेबलावरची एकही वही उघडली गेली नाही. त्या रात्री झोपताना मधलीने विचारलं, “त्या काकूंना आपली प्रार्थना आवडली नाही का?” मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. मला ते नीट देता आलं नाही.

माझी पहिली तक्रार या शब्दाबद्दलच आहे. ‘शाळाबाह्य’ ही यादी का केली जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आईबाप कामासाठी गाव सोडतात म्हणून ज्याची शाळा सुटते ते मूल, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी, कामाला जुंपलेला दहा वर्षांचा मुलगा, चाकाच्या खुर्चीला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून घरी बसलेलं मूल. अशांना कुणीतरी शोधायला जावं, म्हणून ती यादी. त्या मुलांना शिक्षण मिळत नाही. माझ्या मुलांना मिळतं आहे. दोघांना एकाच रकान्यात घातल्याने माझ्या मुलांचा अपमान होतो, ही बाब मी बाजूला ठेवते. मोठं नुकसान त्या दुसऱ्या मुलांचं होतं. आमचा पत्ता पक्का, दार ठोठावलं की आम्ही उघडणार, नोटिशीला उत्तर देणार. म्हणून माणसं आमच्याकडे येतात. ज्यांचा पत्ता दर चार महिन्यांनी बदलतो, त्यांच्याकडे कोण जातं?

दुसरी तक्रार कायद्याच्या वाचनाबद्दल. आपल्या पत्रात शिक्षण सक्तीचं आहे म्हणून शाळा सक्तीची, असं एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात सहज जाऊन म्हटलेलं आहे. या दोन गोष्टी एक नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २६ वं कलम प्राथमिक शिक्षण सक्तीचं करतं. मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा अग्रहक्क पालकांचा आहे, हे वाक्यही त्याच कलमात आहे. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या कराराने, आपल्या श्रद्धेनुसार मुलांना धार्मिक आणि नैतिक शिक्षण देण्याचं पालकांचं स्वातंत्र्य मान्य केलं आहे. इंग्लंडच्या कायद्यात १९४४ पासून ‘शाळेत नियमित जाऊन किंवा अन्य प्रकारे’ असे शब्द आहेत, आणि १९९६ च्या कायद्यातही ते तसेच राहिले. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत कुटुंब हेच मुलाचं पहिलं आणि स्वाभाविक शिक्षक मानलं आहे. मात्र मुलाला किमान शिक्षण मिळतं आहे की नाही, हे बघण्याचा अधिकार राज्याने स्वतःकडे ठेवला आहे. डेन्मार्कमध्ये शिक्षण सक्तीचं आहे, शाळा नाही. फिनलंडमध्ये घरी शिकवता येतं, आणि मुलाची प्रगती बघण्याची जबाबदारी नगरपालिकेवर असते.

सगळं जग आमच्या बाजूने आहे असा दावा मी करत नाही. जर्मनीत धार्मिक कारणासाठी मुलांना शाळेऐवजी घरी शिकवता येत नाही. तिथल्या एका कुटुंबाची मुलं २०१३ साली पोलीस घेऊन आलेल्या बालकल्याण यंत्रणेने काही आठवडे ताब्यात घेतली होती, आणि २०१९ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. फ्रान्समध्ये पूर्वी घरी शिकवत असल्याचं नुसतं कळवावं लागे. २०२१ च्या कायद्याने तिथे आधी परवानगी घेणं आलं, आणि परवानगीच्या कारणांच्या यादीत धर्म नाही. हे निकाल आणि कायदे मी वाचले आहेत. ते मला पटत नाहीत, पण त्यांमागची भीती मला कळते. त्या भीतीबद्दल पुढे लिहिते.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त लागलेली आहे. आमच्या घरात श्रद्धा आहे, म्हणून शिक्षण नसणार, असं गृहीत धरलं गेलं. म्हणून वह्या उघडल्या नाहीत. उघडल्या असत्या तर काय दिसलं असतं, ते आता इथे सांगते.

आमचे काही सण चंद्रावर ठरतात. थोरल्याला साडेसहाव्या वर्षी प्रश्न पडला की सण दर वर्षी त्याच तारखेला का येत नाही. मी उत्तर दिलं नाही, वही दिली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बाहेर जातो, चंद्र दिसला तर त्याचा आकार काढतो, नाही दिसला तर ‘ढग’ किंवा ‘उगवला नाही’ अशी खूण करतो. तीन महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की महिना कधी २९ दिवसांचा भरतो, कधी ३० चा. मग आम्ही दोघांनी बारा महिन्यांची बेरीज केली. ती ३५४ आली. ३६५ मधून वजा करताना त्याचा हातचा चुकला. पुन्हा केलं. ११ दिवसांचा फरक दिसला तेव्हा तो उठून उभाच राहिला. ही बेरीज-वजाबाकी आहे, निरीक्षण आहे, खगोल आहे. आणि ती प्रार्थनेतून आली आहे. तिला प्रार्थनेपासून वेगळी कशी काढायची, हे मला माहीत नाही, आणि काढण्याची गरजही वाटत नाही.

घरात येणाऱ्या पैशातला ठरावीक हिस्सा गरजूंसाठी बाजूला ठेवायचा, हा आमचा नेम. तो हिस्सा थोरला काढतो. अपूर्णांक त्याने तिथे शिकले. मला स्वतःला अपूर्णांक कधीच नीट आले नव्हते, हे इथे कबूल करते. म्हणून त्या भागासाठी ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे तो आठवड्यातून दोनदा जातो. घरशाळा म्हणजे आईलाच सगळं यायला हवं असं नाही. काय येत नाही ते वेळेवर ओळखता आलं पाहिजे.

पाठांतराबद्दलही आपल्या कार्यालयाच्या शेऱ्यात एक ओळ आहे: ‘मुले धार्मिक मजकूर पाठ करतात.’ हो, करतात. मधलीला अजून सलग वाचता येत नाही, पण तिला बरंच पाठ आहे. पाठ असलेल्या ओळीवरून बोट फिरवत ती अक्षरं शोधते, कारण पुढे कोणता शब्द येणार हे तिला आधीच माहीत असतं. एकदा ती एका शब्दापाशी अडून बसली. त्याचा अर्थ कळल्याशिवाय पुढे म्हणणार नाही म्हणाली. तो शब्द शोधण्यात आमची पूर्ण सकाळ गेली, कारण त्याचे तीन अर्थ निघाले. याला घोकंपट्टी म्हणणार असाल तर म्हणा, पण ती एकदा समोर बसून ऐका आणि मग म्हणा.

थोरल्याला सातवं पूर्ण होईपर्यंत वाचता येत नव्हतं. मला फार धास्ती होती. रात्री तो झोपला की मी त्याची वही उघडून बसायचे. नातेवाईक विचारायचे, आणि मी विषय बदलायचे. मी रोज मोठ्याने वाचून दाखवत राहिले, काही वेगळी अडचण नाही ना हे डॉक्टरांकडून बघून घेतलं. मग काही आठवड्यांत तो वाचायला लागला, आणि आता पुस्तक हातातून काढून घ्यावं लागतं. सगळ्याच मुलांचं असं होतं असं मी म्हणणार नाही. उशिरा वाचणाऱ्या काही मुलांना खरीच मदत लागते आणि ती लवकर मिळावी लागते. पण फिनलंडमध्ये सक्तीचं शिक्षण मूल ७ वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होतं. तिथे साडेसहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही म्हणून त्याच्या आईला कुणी नोटीस धाडत नाही.

विज्ञानाचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो मनात असतो हे मला कळतं. म्हणून न विचारता सांगते. माझा मुलगा जीवाश्म कसे बनतात ते शिकला आहे. पृथ्वी किती जुनी आहे, सजीव कसे बदलत गेले, हे त्याच्या वयाला झेपेल तेवढं मी त्याला शिकवते, आणि पुढेही शिकवणार आहे. हे सगळं कुणाचं, कशासाठी, हा प्रश्न तो प्रार्थनेच्या वेळी विचारतो. दोन्ही प्रश्न एकाच मुलाचे आहेत, आणि अजून तरी ते त्याच्या डोक्यात भांडलेले नाहीत. पुढे भांडले तर तेही आम्ही दडपणार नाही.

‘मुलं समाजात मिसळत नाहीत’ यावर थोडक्यातच. आमची मुलं रोज म्हाताऱ्यांशी बोलतात, तान्ह्या बाळांना खेळवतात, प्रार्थनासभेत नव्या आलेल्यांना जागा करून देतात, संध्याकाळी मैदानावर खेळतात. एकाच वयाच्या चाळीस मुलांत बसणं हीही मिसळण्याची एक रीत आहे, चांगली आहे, आणि माझ्या मुलांना ती कमी मिळते हे खरं. त्यावर उपाय आपल्याच हातात आहे. त्याबद्दल मागण्यांत लिहिलं आहे.

आता त्या भीतीबद्दल. घरात शिकतंय असं सांगून मूल घरात कोंडलं जाऊ शकतं. त्याला मारलं जाऊ शकतं, उपाशी ठेवलं जाऊ शकतं, आणि शाळेतल्या बाईंच्या नजरेला जे पडलं असतं ते कुणाच्याच नजरेला पडत नाही. असं घडलेलं आहे. देवाचं नाव घेणाऱ्या घरांतही घडलेलं आहे, हे लिहिताना मला लाज वाटते. म्हणून आमच्याकडे कुणी येऊच नये असं मी कधीही म्हणणार नाही. या, मुलांना भेटा. त्यांच्या अंगावर वळ नाहीत ना, ती हसतात ना, बोलतात ना, हे बघा. त्यासाठी त्यांच्याशी एकट्याने बोलायचं असेल, तर त्या वयाच्या मुलांशी बोलण्याचं शिक्षण घेतलेली व्यक्ती पाठवा. मी दुसऱ्या खोलीत जाईन.

आणि माझ्याच लोकांना, म्हणजे श्रद्धेच्या आधाराने मुलांना घरी शिकवणाऱ्या आईबापांनाही मला काही सांगायचं आहे. मुलीला गणित कशाला, असं म्हणून तिची वही बंद करणारे आपल्यात आहेत. उत्क्रांतीचं पान चिकटवून टाकणारे आहेत. मुलाने शंका विचारली की त्याला पापाची भीती घालणारे आहेत. त्यांच्यासाठी मी या पत्रात एक ओळही मागत नाही. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमीश या जुन्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या पालकांच्या बाजूने निकाल दिला, आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा दिली. आपण तो निकाल अभिमानाने सांगतो. त्याच निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं होतं. मुलांना स्वतःला काय हवं आहे ते विचारा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पान आपण सांगत नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेचं १२ वं कलमही मुलाचं म्हणणं त्याच्या वयाच्या आणि समजेच्या मानाने ऐकायला सांगतं, आणि १४ वं कलम मुलाचं श्रद्धेचं स्वातंत्र्य मान्य करताना त्याला वाट दाखवण्याचा आईबापांचा हक्कही मानतं. मी दर वर्षी मुलांना विचारते, शाळेत जायचं का. या वर्षी दोघं नाही म्हणाली. ज्या वर्षी हो म्हणतील, त्या वर्षी मी दाखल्याच्या रांगेत उभी असेन.

अधिकारी महोदय, माझं मागणं पुढीलप्रमाणे आहे.

पटनोंदणीत ‘घरी शिक्षण चालू’ असा वेगळा रकाना करावा, आणि माझ्या मुलांची आताची नोंद त्यात बदलून घ्यावी. शाळेत दाखल करण्याची मुदत मागे घ्यावी.

वर्षातून एकदा तपासणी व्हावी. तिची तारीख आधी कळवावी, काय बघणार ते लेखी द्यावं, आणि जे बघणार म्हटलं आहे ते खरोखर बघावं. वह्या उघडाव्यात, मुलाला वाचायला लावावं, गणित घालावं. उणीव दिसली तर ती नेमकी लिहून द्यावी, ती भरून काढायला किमान ६ महिने द्यावेत आणि मग पुन्हा यावं.

मुलाच्या उपासनेबद्दलचे प्रश्न तपासणीच्या कागदावर नसावेत. छळाची शंका असेल तर तिचा तपास वेगळा, त्या कामाच्या माणसांनी करावा. देव रागावतो का हे सहा वर्षांच्या मुलीला विचारून अक्षरओळख तपासली जात नाही.

आपल्या शाळांचं ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान घरी शिकणाऱ्या मुलांना ठरावीक वेळी खुलं करावं. डोळे, कान, बोलणं, वाचनातली अडचण यांची जी तपासणी शाळेत होते, ती याही मुलांची व्हावी. मोठेपणी परीक्षेला बाहेरून बसता यावं. आणि मूल शाळेत यायचं म्हणालं, तर वर्ष वाया न घालवता वयानुसार वर्गात घ्यावं.

या मागण्यांत फुकट असं मी काही मागत नाही; जे नियम आपण लावाल ते पाळायला आम्ही तयार आहोत, फक्त ते शिक्षणाचे असावेत.

पुढच्या भेटीची तारीख कळवावी. कोणत्याही दिवशी चालेल, सकाळची प्रार्थना आटोपली की आम्ही टेबलाशीच असतो. थोरल्याची चंद्राची दुसरी वही आता भरत आली आहे. मागच्या वेळी त्याने पहिली वही हातात धरून ठेवली होती, बाईंना दाखवायची म्हणून. ती दाखवायची राहिली. तेवढी आधी बघावी.

आपली,
घरी शिकणाऱ्या तीन मुलांची आई